दार क्रमांक चारशे त्रेचाळीस

कार्यालय दुसरीकडे हलवायचं असेल तर आधी पत्ता बदलल्याचं परिपत्रक काढावं आणि मग सामान हलवावं, असा आमच्या खात्यात लेखी नियम आहे. मी आवक-जावक विभागात सव्वीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे तो मला तोंडपाठ आहे. नियमामागे अक्कलही आहे. परिपत्रकावर नऊ सह्या लागतात. नवव्या साहेबांपर्यंत ते पोचेस्तोवर पहिल्या साहेबांची बदली झालेली असते, आणि त्यांच्या जागी आलेल्या साहेबांना मसुद्याची भाषा खटकते. थोडक्यात, परिपत्रक आधी सोडलं की कपाटं हलवायला निवांत सात-आठ महिने मिळतात. आम्ही सध्याच्या इमारतीत आलो त्याला आठ वर्षं झाली. जुन्या इमारतीत आमचा एक कारकून अजून स्टुलावर बसतो. तिकडे गेलेली पत्रं गोळा करून इकडे पाठवायची, एवढंच त्याचं काम. मध्यंतरी त्याला बढती मिळाली, तेव्हापासून त्याच्या स्टुलाला पाठ आहे.

हे आधी सांगायचं कारण असं, की पुढे जे झालं त्यात मी वेंधळेपणा केला, असा समज आमच्या मजल्यावर पसरला आहे. मी वेंधळेपणा केलेला नाही. मी नियमाने वागलो. इतका नियमाने वागलो की बायकोची नऊ वर्षांची मेहनत मातीत जायची वेळ आली.

माझी बायको अंध माणसांसाठी पुस्तकं वाचते. आमच्या झोपायच्या खोलीत भिंतीतलं एक मोठं कपाट आहे. त्याचा खालचा कप्पा काढून तिने आत एक बुटकी खुर्ची ठेवली आहे, तिन्ही बाजूंना रजया टांगल्या आहेत आणि समोर माझा हिवाळी कोट लावला आहे, कारण आवाज घुमू न देण्यात तो कोट सगळ्यात चांगला आहे म्हणे. त्यामुळे ऐन थंडीतसुद्धा तो मला मिळत नाही. रोज सकाळी साडेसहा ते साडेसात ती आत दार लावून बसते आणि माइकसमोर वाचते. त्या तासात घरात नळ सोडायचा नाही, पंखा लावायचा नाही, वर्तमानपत्राचं पान उलटायचं नाही. मी ते उघडतो त्याच पानावर तासभर असतो. त्यामुळे मृत्युलेख आणि निविदा सूचना या दोन विषयांत माझा हात कुणी धरणार नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या हातात नाही, ती म्हणजे शिंक. सकाळच्या गारव्यात मला शिंका येतात, आणि बारीक येत नाहीत. मी उशीत शिंकून पाहिलं, मोरीत जाऊन शिंकून पाहिलं. कपाटातून आवाज यायचा, "आलं हं त्यात," आणि मग ती तेच वाक्य पुन्हा वाचायची.

अशी तिची दोनशे बारा प्रकरणं झाली होती. ती सगळी तिच्या साइटवर असायची. कुठकुठचे तीनेकशे लोक तिथे येऊन ऐकायचे. त्यांत मुख्य म्हणजे मास्तर. हे निवृत्त गणिताचे मास्तर, दृष्टी गेल्याला पंधरा वर्षं झालेली, एकटे राहणारे. त्यांना आम्ही कधी पाहिलेलं नाही. दर रविवारी सकाळी दहाला त्यांचा फोन येतो आणि आठवड्यात ऐकलेल्या प्रकरणाची उजळणी होते. बायकोचा उच्चार कुठे चुकला तेही ते सांगतात, मिनिटासकट. सध्या त्यांचं एक जाडजूड पुस्तक चालू होतं, बोटीवरच्या स्वयंपाक्याच्या आयुष्यावरचं. ते पार शेवटाला आलं होतं.

तुम्ही विचाराल, मूळ रेकॉर्डिंग घरात जपून ठेवली नव्हती का? ठेवली होती. डबीएवढ्या एका हार्ड डिस्कवर. ती डबी कपाटाच्या माथ्यावर असायची आणि दोन वर्षांपूर्वी मी पंखा पुसत असताना खाली पडली. त्यात माझा हात नव्हता. कोपर होतं.

तर साइट जिथे होती त्या कंपनीकडून पत्र आलं, की आमची जुनी यंत्रं आम्ही एकतीस तारखेला, शुक्रवारी, संध्याकाळी पाच वाजता कायमची बंद करत आहोत, त्यावरचं सगळं पुसलं जाईल, तरी आपापलं सामान हलवावं. हातात महिना होता. बायकोने दुसऱ्या कंपनीकडे नवी जागा घेतली आणि मला विचारलं, "हे हलवायला कुणी जाणकार मिळतोय का बघू का?"

मला हे लागलं. ऑफिसात गेल्या वर्षापासून माझ्याकडे संगणक समन्वयक हे पद आहे. ते मला कशामुळे मिळालं, म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी चिमट्याने कसा काढला, हा भाग वेगळा. "घरात समन्वयक असताना बाहेरचा माणूस?" मी म्हणालो. ती गप्प बसली. तिच्या गप्प बसण्याला मी होकार समजलो, आणि लग्नाला एकोणतीस वर्षं झालेल्या माणसाने ही चूक करायला नको होती.

पहिले तीन आठवडे मी कार्ययोजना आखली. सात रकाने होते: अनुक्रमांक, जुना पत्ता, नवा पत्ता, कार्यवाही, दिनांक, सही, शेरा. इथे पत्ता म्हणजे काय ते सांगतो. साइटला आपण नावाने हाक मारतो, पण ती राहते एका आकडी पत्त्यावर. कुणीही नाव घेतलं की यंत्र आधी जाऊन विचारतं, हे नाव कुठे राहतं? तिथून आकडा मिळतो, मग यंत्र त्या आकड्यावर जातं. एकूण प्रकार आवक-जावकच्या वहीसारखाच, त्यामुळे मला एकदम घरच्यासारखं वाटलं. बुधवारी संध्याकाळी मी कार्यवाही क्रमांक एक हाती घेतली: पत्ता बदलल्याचं कळवणे. नावासमोरचा जुना आकडा काढून नवा घातला, बटण दाबलं, रकान्यात सही केली आणि जेवायला बसलो. माझ्या हिशेबाने सगळीकडे बातमी पोचायला निदान दोन-तीन महिने लागणार होते. तोवर सामान सावकाश हलवता आलं असतं.

बातमी अकरा मिनिटांत पोचली. एकही सही लागली नाही.

गुरुवारी सकाळी आठला मास्तरांचा फोन. रविवार नसताना. बायकोने स्पीकर लावला.

"बाई, काल संध्याकाळपासून मी तुमचं दार वाजवतोय. आतून एक जण सांगतो, इथे लवकरच काहीतरी सुंदर येत आहे. हे काय आहे?"

"काहीतरी गडबड आहे मास्तर, बघते मी."

"बघा. स्वयंपाक्याला बोटीवरून उतरवून ठेवलाय आणि पुढे काय ते कळत नाही. माझ्या वयाला इतका वेळ थांबणं बरं नाही."

फोन ठेवल्यावर बायकोने माझ्याकडे नुसतं पाहिलं. तीनशे माणसं आता नव्या घराच्या दारात उभी होती आणि नव्या घरात काडीसुद्धा नव्हती. सगळं सामान जुन्या घरात, आणि जुन्या घरी जाण्याचा रस्ता मीच पुसलेला. "त्यात काय, पत्ता परत जुना करतो," असं म्हणून मी बसलो. समोर सूचना आली: आपण नुकताच बदल केला आहे, आपल्या सुरक्षिततेसाठी पुढील बहात्तर तास कोणताही बदल करता येणार नाही. शुक्रवारच्या पाचला तासच मुळी तेहेतीस राहिले होते.

मग जुन्या कंपनीच्या मदत खिडकीला लिहिलं. उत्तर आलं, कृपया आपल्या नोंदणीकृत ईमेलवरून लिहा. नोंदणीकृत ईमेल साइटच्याच नावाचा होता, म्हणजे तोही माझ्याबरोबर नव्या घरी निघून गेला होता, आणि तिथे अजून पेटी बसवलेली नव्हती. मी तसं कळवलं. ते म्हणाले, हरकत नाही, ईमेल बदलण्याचा अर्ज करा, त्याचा सांकेतिक अंक आम्ही नोंदणीकृत ईमेलवर पाठवतो. हे वाचून मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, सव्वीस वर्षं मी लोकांना अशीच उत्तरं देत आलो आहे, आणि इतकं नेटकं उत्तर मलाही कधी जमलेलं नाही.

जिन्यात समोरच्या वहिनी भेटल्या. आमच्या घरातली बातमी त्यांच्याकडे आमच्याआधी असते. त्या म्हणाल्या, "भाऊजी, जुना पत्ता तुमच्याकडे लिहिलेला आहे ना? मग नाव कशाला घेता? आकडा टाका आणि सरळ जा की."

कार्ययोजनेच्या दुसऱ्या रकान्यात जुना आकडा होता. जुना पत्ता खोडणं आमच्या रक्तात नाही. तो टाकला, आणि समोर उघडलं केस उगवण्याच्या तेलाचं दुकान. मी तीनदा टाकून पाहिला, तीनदा तेलच. त्या पानावर माझ्यासारख्याच डोक्याच्या एका गृहस्थांचे आधीचे आणि नंतरचे फोटो होते. मी ते गरजेपेक्षा थोडे जास्त वेळ पाहिले. तेवढ्यात बायको मागे येऊन उभी राहिली.

"मिळाली का प्रकरणं?" तिने विचारलं.

मी पान मिटलं आणि ऑफिसला निघालो.

आमच्या ऑफिसात तिसऱ्या मजल्यावर नेटवर्कवाल्या बाई बसतात. इमारतीतल्या सगळ्या तारांचा त्यांना अर्थ लागतो. त्या कमी बोलतात आणि बोलताना समोरच्याकडे न पाहता तारेकडे पाहतात. मी त्यांना सगळं सांगितलं, म्हणजे माझ्या बाजूने सांगितलं.

"सामान हलवायच्या आधी पत्ता बदललात?" त्या म्हणाल्या.

"नियमच तसा आहे."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "त्या जुन्या यंत्रात तुमची एकट्याची साइट नाही. वाडीत शंभर बिऱ्हाडं असावीत तसं आहे ते. नुसता आकडा घेऊन गेलात तर पहिल्या दारात पोचता. तिथे नाव सांगावं लागतं, मग तुमची खोली उघडते."

"पण नाव घेतलं की मला नव्या घरी पाठवतात."

"म्हणून यंत्राला सांगायचं, या नावाचा पत्ता कुणाला विचारू नकोस, मी देतो त्या आकड्यावर जा, आणि तिथे गेल्यावर नाव मात्र हेच सांग. जगाला काय माहीत आहे ते असू दे. तेवढ्या कामापुरतं आपण सांगू ते खरं."

सामान ओढून आणणारी एक आज्ञावली असते, काळ्या पडद्यावर टाइप करून चालवायची. तिचं नाव कर्ल. तेलाच्या दुकानातून आलेल्या माणसाला हे नाव ऐकून काय वाटलं असेल ते सोडा. तिला पत्त्याची अशी जबरदस्ती सांगायची सोय आहे. बाईंनी जावकच्या चिठ्ठीमागे लिहून दिलं: आधी साइटचं नाव, मग दोन टिंबं, मग ४४३, पुन्हा दोन टिंबं, मग जुना आकडा. "मधला ४४३ म्हणजे दार क्रमांक," त्या म्हणाल्या. "फायली ००१ ते २१२ आहेत ना? एका ओळीत सगळ्या येतील."

मी ती चिठ्ठी शर्टाच्या खिशात घालून घरी आलो, आणि इथे मोजणीकाका शिरले.

मोजणीकाका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. उभी हयात रस्ते मोजण्यात गेली, आणि आता निवृत्त झाल्यावर दुसरं काही मोजायला नाही म्हणून ते लोकांची कामं मोजतात. ज्येष्ठांच्या मंडळात त्यांनी संगणकाचा सहा आठवड्यांचा वर्ग केला होता, प्रमाणपत्र दिवाणखान्यात लावलेलं आहे. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेऊन चिठ्ठी वाचली.

"चारशे त्रेचाळीस? छे! वेबचं दार ऐंशी. आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. ही बाई नवीन दिसतेय."

"अहो, त्या बारा वर्षं हेच काम करतात."

"मग विसरली असेल. ऐंशी घाल, माझ्या जबाबदारीवर."

वडीलधाऱ्या माणसाने जबाबदारी घेतली की मला फार हलकं वाटतं. चाकरीचा गुण. मी ४४३ खोडून ८० केलं, शेजारी छोटी सही केली, आणि ओळ चालवली. पडद्यावर आकडे सरसर धावले. चाळीस सेकंदांत दोनशे बाराच्या दोनशे बारा फायली आमच्या घरात. नऊ वर्षांचं वाचन चाळीस सेकंदांत आलं म्हणून मी विज्ञानाला मनोमन नमस्कार केला. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. वहिनी समोरच्या दारातून "झालं ना? मी म्हणतच होते," असं म्हणाल्या. बायको तेव्हा बहिणीकडे गेली होती. ती आल्यावर मी फक्त एवढंच म्हणालो, "आणली." त्या रात्री मला छान झोप लागली, ही गोष्ट आता आठवली की लाज वाटते.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला ती नेहमीप्रमाणे कपाटात गेली. पाच मिनिटांत दार उघडून लॅपटॉपसकट बाहेर आली.

"अहो, या सगळ्या एकाच मापाच्या कशा?"

"शिस्त," मी म्हणालो.

"एकही वाजत नाही."

आम्ही एक फायल उघडून पाहिली. आत लिहिलं होतं: क्षमस्व, आपण शोधत असलेलं पान सापडलं नाही. दुसरी उघडली. क्षमस्व. शंभरावी उघडली. अशा दोनशे बारा क्षमस्व मी मोठ्या कौतुकाने घरी आणून ठेवल्या होत्या.

ती पलंगाच्या कडेवर बसली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "नऊ वर्षं रोज उठले. एक तास तर उठायचं, त्यात काय, असं वाटायचं." मग म्हणाली, "मास्तरांना काय सांगू?" माझ्याकडे सात रकान्यांचा एक कागद होता. मला त्या क्षणी स्वतःची इतकी शरम वाटली की शिंकसुद्धा आली नाही.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी ऑफिसात गेलो. नेटवर्कवाल्या बाई यंत्रखोलीत होत्या, आणि यंत्रखोलीत जायला पास लागतो. पाससाठी अर्ज लागतो. अर्ज आधी आवक-जावकमध्ये नोंदवून त्यावर क्रमांक घ्यावा लागतो. मी आमच्या विभागात गेलो, तर माझ्या खुर्चीवर माझा बदली कारकून.

"साहेब, तुम्ही आज रजेवर आहात," तो म्हणाला.

"अर्ध्या."

"हा अर्धा रजेचाच आहे. रजेवरच्या कर्मचाऱ्याचा अर्ज घ्यायचा नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत."

मी त्याला नीट शिकवलं होतं. तो अजिबात बधला नाही. मी तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या पायरीवर बसून राहिलो. एकदाच्या एक वाजता बाई डबा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी उभ्याउभ्याच चिठ्ठी पाहिली.

"हे ऐंशी कुणी केलं?"

"शेजाऱ्यांनी."

"ते काय करतात?"

"रस्ते मोजायचे."

"रस्ता बरोबर आहे. दार चुकलं." मग त्यांनी डबा कठड्यावर ठेवून समजावलं. ऐंशीचं दार जुन्या घरालाही आहे, पण तिथे नुसती पाटी आहे: हे दार बंद, कुलपाच्या दाराने या, क्रमांक चारशे त्रेचाळीस. आपली आज्ञावली गुणी, ती पाटी वाचून तिकडे निघाली. पण मी तिला पत्ता दिला होता तो फक्त ऐंशीच्या दारासाठी. चारशे त्रेचाळीससाठी तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, म्हणून तिने रीतीप्रमाणे बाहेर जाऊन विचारलं, हे नाव कुठे राहतं? आणि जगाने माझा नवा पत्ता सांगितला. ती रिकाम्या घरी गेली, दोनशे बारा वेळा दार वाजवलं आणि दोनशे बारा माफ्या घेऊन परत आली.

"पाचच्या आत होईल?" मी विचारलं.

"जुनं यंत्र आहे, हळू देईल. तुम्ही पळा."

त्रेपन्नाव्या वर्षी मी पळालो; घरी फोन करून दाराचा आकडा सांगावा, हे वाटेत एकदाही सुचलं नाही. दोन वाजून वीस मिनिटांनी घरी पोचलो, तेव्हा बायको काळ्या पडद्यासमोर बसलेलीच होती. मी चिठ्ठी दिली. ती टाइप करायला लागली आणि मध्येच थांबली.

"सगळ्या येतील का पाचपर्यंत?"

"सांगता येत नाही."

ती जरा विचार करून म्हणाली, "मग आधी १९७ ते २१२. मास्तरांचं पुस्तक. मग वीसपासून पुढच्या. एक ते एकोणीस सगळ्यात शेवटी, ते माझं पहिलं पुस्तक. तेव्हा मला वाचता येत नव्हतं."

ओळ चालवली. पडद्यावर काही सरसर धावलं नाही. आकडा एखाद्या म्हाताऱ्या माणसाने जिना चढावा तसा सरकत होता. पाऊण मिनिटाने पहिली फायल आली. मापाने भली मोठी. तिने हात मागे घेतला आणि मला म्हणाली, "तुम्ही लावा."

मी लावली. तिचा आवाज आला. बोटीवर धुकं उतरलं होतं आणि स्वयंपाकी कांदे चिरत होता. आम्ही दोघं ऐकत होतो. पाचव्या मिनिटाला घर हादरेल अशी एक शिंक आली. मग तिचा खालचा आवाज, "आलं हं त्यात," आणि पुन्हा तेच वाक्य, तितक्याच सावकाश, जणू पहिल्यांदाच.

हे रेकॉर्डिंग मी कधी ऐकलं नव्हतं. एकही ऐकलं नव्हतं. नऊ वर्षं भिंतीपलीकडे वर्तमानपत्राच्या एकाच पानावर बसून मी हा आवाज संपायची वाट पाहत होतो, नळ सोडता यावा म्हणून. ती इतकं चांगलं वाचते हे मला तीनशे अनोळखी माणसांच्या नंतर कळलं.

तीन वाजता लॅपटॉपचा चार्जिंगचा दिवा विझला. भिंतीतली खोबण सैल झाली होती आणि चार्जरची पिन कुणी दाबून धरली तरच वीज येत होती. तेवढ्यात मोजणीकाका आले. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी जमिनीवर मांडी घातली आणि पिन अंगठ्याने दाबून धरली. दोन तास ते तसेच बसून होते. अधूनमधून एवढंच म्हणायचे, "ऐंशीसुद्धा होतंच म्हणा, दार." वहिनींनी चहा आणला आणि काकांना स्वतःच्या हाताने पाजला, कारण काकांचे हात मोकळे नव्हते.

साडेचारला एकशे अडुसष्ट आल्या होत्या. पावणेपाचला एकशे अठ्ठ्याऐंशी. पाच वाजले तेव्हा पहिल्या पुस्तकातली पंधरावी फायल नुकतीच पूर्ण झाली होती आणि सोळावीचा आकडा निम्म्यावर होता. तो तिथेच थांबला. काकांनी पिन आणखी जोरात दाबली, पण आता त्या घरात कुणी राहत नव्हतं.

दोनशे बारातल्या दोनशे आठ. मला बायकोकडे पाहायची हिंमत होईना. ती म्हणाली, "चार राहिली. ती मी परत वाचीन." मग काकांना म्हणाली, "सोडा आता, काका." काकांचा अंगठा दुसऱ्या दिवशीपर्यंत सरळ झाला नाही.

शनिवारी सगळं सामान नव्या घरी लागलं. रविवारी दहाला फोन आला. मास्तर म्हणाले, "बाई, आज मला घरातल्या गृहस्थांशी बोलायचं आहे."

नऊ वर्षांत पहिल्यांदा. मी फोन घेतला. घोटभर पाणी पिऊन घेतलं, माफी कशी मागायची ते मनात जुळवलं.

"शिंकणारे ते तुम्हीच ना?" मास्तर म्हणाले.

"हो. माफ करा. आणि त्या पत्त्याचंही..."

"तुमच्या पत्त्याचं मला काही कळत नाही. काल लावलं, बाईंचा आवाज आला. पण हल्ली म्हणे यंत्रं कुणाचाही आवाज काढतात, आणि त्या सुंदरवाल्याने मला दोन दिवस फसवलं होतं. म्हणून मी गप्प बसून ऐकलं. पाचव्या मिनिटाला तुम्ही शिंकलात. तेव्हा म्हटलं, चला, बरोबर घरी आलो." मग म्हणाले, "पण पहिल्या पुस्तकातली सोळा ते एकोणीस दिसत नाहीत. सोळाव्यात तुमची फार चांगली शिंक होती. तिसऱ्या मिनिटाला. दुहेरी."

सोमवारी सकाळी साडेसहाला बायको सोळावं प्रकरण वाचायला कपाटात बसली. मी सवयीने वर्तमानपत्र घेतलं. कपाटाचं दार पुन्हा उघडलं.

"अहो, इकडे येऊन बसा. मास्तरांना हवीय."

मी दाराशी जमिनीवर बसलो, माझ्याच कोटाखाली. तिने बटण दाबलं आणि वाचायला लागली. तिसऱ्या मिनिटाला तिने वाचता वाचता माझ्याकडे पाहिलं. मी नाक चोळलं, कोटाची बाही हुंगली, खिडकीतल्या उजेडाकडे पाहिलं. काही येईना. चौथं मिनिट गेलं, दहावं गेलं. मग मी ते विसरलो आणि ऐकत बसलो. एकवीस मिनिटांचं प्रकरण होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. शेवटचं वाक्य संपल्यावर तिने क्षणभर थांबून रेकॉर्डिंग बंद केलं, आणि मला शिंक आली. दुहेरी.

तिने माझ्याकडे पाहिलं, बोट ओलं करून पुस्तकाची पानं मागे उलटली आणि सोळावं प्रकरण पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.